योसेमिटीची छायाचित्रे : एक ऐतिहासिक साधन

कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याची छायाचित्रे घेतली. त्यासाठी सुमारे १८ × २२ इंचांच्या काचा त्याने खेचरांवरून नेल्या. काचेवरील रासायनिक लेप वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन ते तंबूत धुवावे लागे. १८६२ साली ही चित्रे न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाली. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी खोऱ्याच्या संरक्षणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या निर्णयास चित्रांचे साहाय्य झाले, असे इतिहासकार मानतात.

तथापि चित्रांतील विजनता निसर्गदत्त नव्हे. १८५१ सालीच मॅरिपोझा पलटणीने तेथील आवानीची आदिवासींना बळाने हुसकावले होते. काही पुढे परतलेही. म्हणून भिंगापुढे काय होते, याबरोबरच चौकटीबाहेर कोण राहिले, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.