बी.एड. प्रवेश : अर्ज भरण्यापूर्वी काय ठरवावे?

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी, आणि बरेचदा त्यांचे आईवडील, एकच प्रश्न विचारतात : बी.एड.ला प्रवेश कसा घ्यावा? दुर्दैवाने हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्या वर्षीची प्रवेशपरीक्षा होऊन गेलेली असते आणि एक वर्ष विनाकारण वाया जाते. काहींचे नुकसान याहून मोठे असते. दोन वर्षे शिकून, शुल्क भरून पदवी हाती येते आणि मग कळते की, ज्या वर्गांना शिकवण्याची मनापासून इच्छा होती त्या वर्गांसाठी ही पदवी ग्राह्यच नाही.

अर्ज भरणे ही तासाभराची गोष्ट आहे. त्याआधी घ्यावयाचे निर्णय मात्र पुढील तीस वर्षांच्या नोकरीवर परिणाम करतात. म्हणून महाराष्ट्रातील बी.एड. प्रवेशाची माहिती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

पहिला प्रश्न : कोणत्या वर्गांना शिकवायचे?

"शिक्षक व्हायचे आहे, म्हणून बी.एड. करायचे" ही आपल्या घराघरांतील रूढ समजूत आता पुरेशी नाही. इयत्ता पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका लागते. हीच पूर्वीची डी.एड. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने एका अधिसूचनेद्वारे बी.एड. धारकांनाही हे वर्ग खुले केले होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजीच्या निकालाने ती वाट बंद केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असून बी.एड.मध्ये ते शिकवले जात नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. तेव्हा ज्यांना चिमुकल्यांत रमावेसे वाटते त्यांनी डी.एल.एड.चाच विचार करावा. त्या अभ्यासक्रमाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

सहावी ते आठवी आणि नववी-दहावी या वर्गांसाठी पदवी आणि बी.एड. हा सरळ मार्ग आहे. अकरावी-बारावीसाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशा दोन्ही पदव्या लागतात. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी येथे विशेष लक्ष द्यावे. राज्य मंडळाच्या माध्यमिक शाळांत त्यांच्या मूळ विषयाला वाव फारसा नाही, एम.कॉम. केल्यानंतर कनिष्ठ महाविद्यालयाचे दार उघडते. आपण पदवीला कोणता विषय घेतला आणि शाळांत तो कोणत्या इयत्तेत शिकवला जातो, हे ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पात्रता

पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण ही खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण अट आहे. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी ५५ टक्क्यांची अट आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही प्रवेशपरीक्षेस बसता येते. ही सोय अनेकांना ठाऊक नसते आणि निकालाची वाट पाहता पाहता संधी निघून जाते.

प्रवेशपरीक्षा

बी.एड.ची सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे संगणकावर घेतली जाते. अलीकडच्या वर्षांत तिची नोंदणी साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आणि परीक्षा मार्चच्या आसपास झाली आहे. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे नाताळच्या सुट्टीपासूनच कक्षाच्या अधिकृत संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.

परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवावयाचे असतात : बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि अध्यापन अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. ज्यांना इंग्रजी माध्यमातून बी.एड. करावयाचे आहे त्यांना ईएलसीटी ही इंग्रजीची स्वतंत्र चाचणीही द्यावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनी तिला भिऊन माघार घेऊ नये. दररोज अर्धा तास इंग्रजी व्याकरण आणि उताऱ्यांचा सराव केल्यास ती अवघड नाही.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे नाही

सर्वाधिक विद्यार्थी या टप्प्यावर फसतात. सीईटीची नोंदणी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेचा निकाल लागल्यानंतर प्रवेश प्रक्रियेसाठी नव्याने नोंदणी करावी लागते, कागदपत्रे चढवावी लागतात, त्यांची पडताळणी होते, गुणवत्ता यादी लागते आणि त्यानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. उत्तम गुण मिळूनही ही दुसरी नोंदणी न केल्याने घरी बसण्याची वेळ येऊ शकते.

पसंतीक्रम भरताना रोजचा प्रवास, अध्यापनाचे विषय आणि शुल्क यांचा एकत्र विचार करावा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही मुदतीत प्रवेश निश्चित न केल्यास पुढील फेऱ्यांतील हक्क गमावला जाऊ शकतो. म्हणून ज्या महाविद्यालयात खरोखर जावयाचे आहे, तेच पहिल्या क्रमांकावर लिहावे.

कागदपत्रे : नावाची गोष्ट

दहावी, बारावी व पदवीची गुणपत्रके, शाळा वा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. वैधता प्रमाणपत्र मिळण्यास काही महिने लागतात. प्रवेशाच्या आठवड्यात त्यासाठी धावाधाव करून उपयोग होत नाही. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गाच्या सवलती आहेत. मराठवाड्यातील व विदर्भातील वाचकांनी याची नोंद घ्यावी.

आपल्या समाजात आणखी एक अडचण वारंवार उद्भवते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे! कोठे आडनाव 'परेरा', कोठे 'पेरेरा'. कोठे वडिलांचे नाव गाळलेले, तर कोठे लग्नानंतरचे आडनाव. अर्जात दहावीच्या गुणपत्रकावरील नाव जसेच्या तसे, त्याच स्पेलिंगने लिहावे. नावात खरोखर बदल झाला असेल तर राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच तयार ठेवावा. घरात मुले नववी-दहावीत असतील तर हे काम आजच हाती घेणे श्रेयस्कर.

अल्पसंख्याक जागा

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या महाविद्यालयांत त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. मुंबईतील चर्चगेट येथील सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही १९५३ साली येशूसंघीयांनी सुरू केलेली संस्था आपल्या अनेक वाचकांच्या परिचयाची आहे. मात्र ओळखीच्या फादरांना वा सिस्टरांना भेटले की जागा मिळते, हा समज मनातून काढून टाकावा. अल्पसंख्याक जागेसाठीही सीईटी द्यावी लागते, अर्जात त्या पर्यायाची नोंद करावी लागते आणि निवड गुणवत्तेनेच होते. पुरावा म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माचा उल्लेख आणि नियमांत सांगितलेले घोषणापत्र महत्त्वाचे असते. केवळ बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर विसंबून राहू नये.

महाविद्यालय आणि शुल्क

महाविद्यालयास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे स्वतः तपासावे. मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेल्या रकमेबाहेर कोणी पैसे मागितल्यास पावती मागावी. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवल्यास ही संधी हुकत नाही.

"वर्गात न येता, घरबसल्या बी.एड." अशा जाहिरातींपासून दूर राहावे. दूरशिक्षणाने बी.एड. करण्याची सोय आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही त्यासाठी ओळखले जाते. परंतु नियमानुसार ही सोय सेवेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा ज्यांनी आधी नियमित पद्धतीने मान्यताप्राप्त शिक्षक प्रशिक्षण घेतले आहे अशांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ती नाही.

दोन वर्षांचे स्वरूप

एकेकाळी एका वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम २०१५-१६ पासून दोन वर्षांचा झाला. नियमांनुसार वर्षाला किमान २०० कामकाजाचे दिवस, वर्गात ८० टक्के आणि शाळेतील प्रत्यक्ष कामात ९० टक्के उपस्थिती आवश्यक असते. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काम करावे लागते. त्यातील १६ आठवडे दुसऱ्या वर्षी असतात. पूर्ण वेळ नोकरी सांभाळून हे साधणार नाही. ज्या घरात मुलाच्या वा मुलीच्या पगारावर भिस्त आहे, त्या घराने ही दोन वर्षे कशी निभावायची याचा हिशेब प्रवेशापूर्वीच मांडावा.

पदवीनंतरचे टप्पे

बी.एड. झाले म्हणजे नोकरी लागली, असा काळ आता राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर इयत्ता पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, अर्थात टीईटी, आली. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. परीक्षा १५० गुणांची असून खुल्या प्रवर्गास ६० टक्के गुण लागतात. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर द्यावा. २०२१ पासून हे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य धरले जाते. शासकीय व अनुदानित शाळांतील भरतीसाठी याशिवाय २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या या चाचणीचे गुण पवित्र पोर्टलवरील निवडीसाठी वापरले जातात. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ साली हे मानधन वाढवून प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले.

आपल्या मिशनरी शाळांत नोकरी करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक संस्थांना स्वतःचे शिक्षक निवडण्याचा अधिकार आहे; तथापि शासनाने ठरवलेली किमान पात्रता त्यांच्या शिक्षकांनाही लागते. टीईटीविषयी १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू व्हावा का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आला. "आपल्या शाळेत टीईटी लागत नाही" या आशेवर आपले भवितव्य टांगून ठेवण्यापेक्षा नव्या विद्यार्थ्यांनी टीईटी उत्तीर्ण होणेच शहाणपणाचे आहे.

या वाटेवर दलालही भेटतात. २०१९ च्या टीईटीतील गैरप्रकार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आले आणि पुढील वर्षी सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. पैसे गेले, परीक्षा गेली आणि नावही गेले. ज्याने उद्या मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा, त्याने स्वतः या दारातून आत येऊ नये, एवढेच आम्ही म्हणू.

बदलते वारे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी व्हावी, असे उद्दिष्ट आहे. बारावीनंतरचा हा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला. आज दहावी-बारावीत असलेल्या मुलांनी पदवी आधी आणि बी.एड. नंतर हा जुना क्रम गृहीत न धरता या पर्यायाचीही चौकशी करावी.

थोडक्यात

कोणत्या इयत्तेला आणि कोणता विषय शिकवायचा हे प्रथम ठरवा. पदवीच्या शेवटच्या वर्षी डिसेंबरपासून सीईटीकडे लक्ष द्या. दाखल्यांवरील नावे आताच एकसारखी करून घ्या. महाविद्यालयाची मान्यता स्वतः तपासा आणि प्रवेश प्रक्रियेची दुसरी नोंदणी विसरू नका. ज्या धर्मग्रामांत शिक्षक व निवृत्त मुख्याध्यापक आहेत, तेथे त्यांनी डिसेंबरमध्ये एखाद्या रविवारी तासभर बसून पदवीच्या मुलांना हे अर्ज समजावून द्यावेत, अशी आमची विनंती आहे. एका मुलीचे वाया जाणारे वर्ष जरी त्यातून वाचले, तरी त्या तासाचे चीज झाले असे आम्ही मानू.