निबंध, प्रबंध, मीमांसा : समानार्थी नसलेले शब्द

निबंध, प्रबंध, ग्रंथ, टीका, भाष्य, समीक्षा, मीमांसा हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत मांडले जातात. माझे म्हणणे असे, की त्यांतला प्रत्येक शब्द लेखकावर निराळी जबाबदारी टाकतो. ती ओळखायला तीन प्रश्न पुरतात. लेखनापुढे आधीचा मूळ ग्रंथ आहे का? विषय म्हणजे एक प्रश्न आहे की सबंध क्षेत्र? विरुद्ध मत मांडून त्याचे निराकरण करणे लेखकाला बंधनकारक आहे का? पानांची संख्या लोक आधी विचारतात. वर्गीकरणात तिचा उपयोग सर्वांत कमी.

पहिल्या प्रश्नाची वर्गवारी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हजारएक वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. सूत्रांचे सार उलगडते ती वृत्ती. आक्षेप उभे करून त्यांची उत्तरे देत पुढे जाते ते भाष्य. अर्थ शक्य तितका खुला करते ती टीका, आणि केवळ अवघड पदे फोडते ती पंजिका. जे सांगितले, जे सांगायचे राहिले आणि जे चुकीचे सांगितले, ते तिन्ही तपासते ते वार्तिक. यांतले वार्तिक मला सर्वांत मोलाचे वाटते. पूर्वसूरींचा आदर आणि त्यांची दुरुस्ती ही दोन्ही कामे त्या एका नावात मान्य झालेली आहेत. आजच्या मराठीत हे नाव वापरातून गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले नाही.

शास्त्राच्या अंगाने हीच शिस्त खानदेशात पाहायला मिळते. ज्योतिषात ग्रहगणिताचा आरंभ कुठून धरला यावरून ग्रंथाची जात ठरे : कल्पारंभापासून धरला तर सिद्धांत, युगारंभापासून तर तंत्र, जवळच्या एखाद्या शकवर्षापासून तर करण. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला आणि उतारवयात, शके ११०५ हे वर्ष धरून, ‘करणकुतूहल’. पहिल्यात उपपत्ती आहे, दुसऱ्यात पंचांगकर्त्याला झटपट हिशेब करता यावा अशी सोय. आपल्याच सिद्धांतावर त्यांनी ‘वासनाभाष्य’ही लिहिले, म्हणजे पद्यात जे आटोपशीर सांगितले त्याची कारणे गद्यात दिली. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखानुसार त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि त्याला शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिले. ग्रंथाच्या नावावरून त्यात काय मिळेल हे तिथल्या विद्यार्थ्याला आधीच कळत असणार. आजच्या अभ्यासकाला तेवढी खात्री मिळत नाही.

याचे कारण निबंध आणि प्रबंध या जोडीत दिसते. दोन्हींच्या मुळाशी ‘बांधणे’ आहे. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे अनेक स्मृतींची वचने विषयवार गोळा करून निर्णय देणारा अवाढव्य ग्रंथ; देवगिरीच्या यादवांकडील हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा निबंधच. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा शब्द एका लेखकाच्या विचारप्रवाहाकडे वळला. पुढे शाळेने त्याला दोन पानांवर आणले. प्रबंधाचा प्रवास नेमका उलटा. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त प्रबंध म्हणजे राजे, मंत्री, पंडितांच्या आख्यायिका, आज जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी.साठी सादर होतो तो प्रबंध. अशा उलथापालथीत व्युत्पत्ती वाट दाखवत नाही. लेखनाला पुरावा कोणता लागतो हेच विचारावे लागते.

टीकेचे नुकसान अधिक झाले. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, असे आपण आदराने म्हणतो आणि त्याच दिवशी ‘त्याने माझ्यावर टीका केली’ अशी तक्रारही करतो. यावल परिसरातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी आपल्या समीक्षाग्रंथाला ‘टीकास्वयंवर’ हे नाव दिले, ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते.

धुळ्याचे उदाहरण मात्र कोणत्याच कप्प्यात मावत नाही. धुळ्याशी नाव जोडले गेलेले इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडांमागून खंड प्रसिद्ध केली. खंडांत मूळ पत्रे, आणि विवेचन प्रस्तावनांत. प्रस्तावना म्हणजे दाराशी केलेले स्वागत, अशी समजूत असलेल्याने या प्रस्तावना वाचाव्यात : त्यांत पानिपतापासून इतिहासलेखनाच्या पद्धतीपर्यंतचा वाद आहे. पत्रे शेजारीच छापलेली असल्याने वाचक राजवाड्यांचा निष्कर्ष तिथल्या तिथे पारखू शकतो. तिन्ही प्रश्नांच्या कसोटीला उतरणारे हे लेखन नावाने नम्र, आणि कामाने भाष्याच्या बरोबरीचे.

आता हे भेद एकाच घटनेवर लावून पाहण्यासाठी फैजपूरकडे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशनाची हकिगत लिहिली तर वृत्तांत होतो. ठराव, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रे तपासून काही नवे सिद्ध केले तर शोधनिबंध. खानदेशातील शेतकरी चळवळीचा पट उलगडून त्यात अधिवेशनाची जागा ठरवली तर प्रबंध. मीमांसेची अट याहून कडक आहे, कारण तिच्या अधिकरणाला, म्हणजे एका मुद्द्याच्या सांगोपांग विचाराला, पाच अंगे लागतात.

विषय : इथे संमत झालेला शेतीविषयक कार्यक्रम. संशय : तो शेतकऱ्यांच्या मागण्यांतून आला, की अधिवेशनाची जागा तेवढी खेड्यात हलली? पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडावा लागतो : खंड आणि सारा कमी करणे, कर्जवसुली थांबवणे एवढे ठरावात आले, पण जमीनदारी रद्द करण्याची मागणी आली नाही. उत्तरपक्षाला याच ठरावाने शेतमजुराला जगण्यापुरते वेतन मागितले हे दाखवता येते, शिवाय एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचे अधिवेशनही त्याच दिवसांत फैजपुरात भरले होते. मला उत्तरपक्ष अधिक बळकट वाटतो, पण जमीनदारीचा मुद्दा त्याने खोडून निघत नाही. तो निर्णयात मर्यादा म्हणून नोंदवावा लागेल. उरली संगती, म्हणजे मागच्या-पुढच्याशी सांधा. तिच्यासाठी फैजपूरच्या ठरावाला खेर मंत्रिमंडळाच्या काळातल्या १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याशी कलमवार ताडून पाहावे लागेल.