गाणगापूरची सेवा आणि रुग्णाचे घर

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गाणगापूर रोड नावाचे स्थानक लागते. क्षेत्र तेथून सुमारे वीस किलोमीटर दूर, भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळ. या स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूंत एक प्रकारची मंडळी चटकन ओळखू येते. मध्ये एक शून्य नजरेचे अथवा स्वतःशीच पुटपुटणारे माणूस, एका बाजूस आई, दुसऱ्या बाजूस भाऊ, मागे वळकटी आणि शिध्याचे गाठोडे. पोथी बहुधा आईच्या पिशवीत. वकिलीच्या निमित्ताने आम्ही या मार्गाने अनेक वर्षे येत-जात आहोत. परंतु असे माणूस एकटे उतरलेले आमच्या पाहण्यात नाही. या साध्या गोष्टीचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. तो कळण्यास पोथीइतकेच कायद्याचे व मानसशास्त्राचे वाचनही उपयोगी पडले, म्हणून हा लेख.

श्रीनृसिंहसरस्वतींनी आपल्या अवतारकार्याचा उत्तरकाळ गाणगापुरी घालविला. त्यांचे चरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर यांची मायबोली कानडी होती असे अभ्यासक मानतात. ग्रंथ मात्र मराठीत झाला. सीमाभागातील माणसास यात नवल वाटत नाही. ‘गुरुचरित्रा’त रोगाच्या कथा पुष्कळ आहेत. बिदरच्या राजाच्या मांडीवर स्फोटक झाला, वैद्य हरले आणि तो गाणगापुरास आला, ही कथा तर प्रसिद्धच आहे. आमच्यासारख्या वकिलास खिळवून ठेवते ती मात्र विसाव्या अध्यायातील कथा. शिरोळ गावच्या एका ब्राह्मणस्त्रीची मुले होत आणि मरत. कारण काय, तर पूर्वजन्मी तिने शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभराचे ऋण बुडविले. त्याने प्राण दिला आणि पिशाच्च होऊन तो वसुलीस आला. ती स्त्री कृष्णातीरीच्या औदुंबराखाली सेवा करू लागते. स्वप्नात ते पिशाच्च श्रीगुरूंपुढे आपली फिर्याद मांडते. श्रीगुरू त्यास नुसते हाकलून देत नाहीत. ते त्याचे म्हणणे ऐकून घेतात, आणि तिच्याच्याने होईल तेवढे द्रव्य व आपली उत्तरक्रिया स्वीकारून त्याने निघून जावे असे ठरवून देतात.

ही कथा श्रद्धेने वाचणाऱ्याने तशी वाचावी. आमचा त्यात हस्तक्षेप नाही. परंतु व्यवसायाची सवय सुटत नाही, आणि आम्हांस या कथेत तडजोडीचा हुकूमनामा दिसतो. दुखणे एका माणसाच्या अंगी प्रकट झाले, पण त्याचे मूळ देण्याघेण्यात, घराच्या जुन्या हिशेबात होते, आणि उपायासही घरच बसविले. पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर मानसोपचारकांनी रोग्याबरोबर त्याच्या आईबापांस व भावंडांस एकत्र बसवून बोलते करण्याची पद्धती उभारली. दोहोंचे तत्त्वज्ञान निराळे आहे, ते एक आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण रोग्याचे घर वगळून रोग्याकडे पाहू नये ही खूण दोघांनाही पटली होती.

सरकारी व्यवस्थेने मात्र मधल्या काळात नेमके उलटे केले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ च्या कायद्यांनी, आणि पुढे १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्याने, रोग्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याची रीत घालून दिली. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, दोन वैद्यकीय दाखले जोडावे, हुकूम व्हावा आणि रोगी भिंतीआड जावा. घरच्यांचे काम अर्जावर सही करण्यापुरते. बिदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे मनोरुग्णालय एके काळी जालन्यास असे, पुढे ते हैदराबादेस एर्रागड्डा येथे गेले. दफ्तर उर्दूचे, रोगी मराठी वा कानडी बोलणारा, आणि प्रवास परवडणारा नव्हे. अशा वेळी भीमेच्या काठी, जेथे आई लेकराशेजारी निजू शकत होती, दुपारी माधुकरी मागून पोट भरू शकत होती, आणि माधुकरीत सावकार व कूळ एकाच रांगेत उभे राहत होते, तेथे लोक गेले तर त्यांस अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

दुसरे एक कारण आहे, आणि ते आम्हांस कचेरीत बसून समजले. काही वर्षांपूर्वी भालकीकडील एक बाई भावासह आमच्याकडे आली. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. पत्नीस असाध्य मनोविकार आहे असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून दोन गोष्टी जोडल्या होत्या. एक, शहरातील एका डॉक्टराची चिठ्ठी, जिच्यावर रोगाचे नाव होते. आणि दुसरी, ती चाळीस दिवस क्षेत्री सेवेस राहिली होती ही हकिगत. भाऊ आम्हांस म्हणाला, “वकीलसाहेब, देवापाशी राहिलो ते चुकलं नाही. त्या डॉक्टराकडं नेलं ते चुकलं. देवळात कोणी कागद करीत नाही.” आम्ही निरुत्तर झालो. बाळंतपणानंतर लागलेले ते दुखणे औषधाने हटत चालले होते, बाई आमच्याशी नीट, विचाराने बोलत होती. पण ज्या कागदाने तिला औषध मिळाले तोच कागद तिच्या संसारावर उलटला होता. आम्ही सर्वोच्च न्यायालयाचा राम नारायण गुप्त विरुद्ध रामेश्वरी गुप्त हा १९८८ चा निवाडा पुढे केला. रोगाचे नुसते नाव पुरत नाही, तो अशा प्रकारचा व अशा तीव्रतेचा असला पाहिजे की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच करता येऊ नये, असे त्यात म्हटले आहे. अर्ज पुढे मागे घेतला गेला. परंतु भावाचे वाक्य अजून कानांत आहे. आमच्या भागात रोगी उशिरा दवाखान्यात येतो याचे खापर आपण भोळ्या समजुतीवर फोडतो. त्यातला बराच वाटा आम्हां वकिलांचा आहे हे कोणी लिहीत नाही.

दवाखान्यांनी आपली चूक सुधारण्यास १९५० च्या दशकात आरंभ केला, आणि तोही काहीसा नाइलाजाने. अमृतसरच्या मनोरुग्णालयात खाटा व नोकरवर्ग अपुरा होता, तेथील डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांस रोग्यांबरोबर राहावयास बोलाविले. रोगी लवकर सुधारू लागले, आणि घरी परतल्यावर त्यांस कसे वागवावे हे घरच्यांस आधीच समजलेले असे. वेल्लोर येथेही त्याच दशकात कुटुंबासह उपचाराची रीत रुजली. भीमेच्या काठी जे शतकानुशतके चालत आले होते तेच तंबूत येऊन बसले, असे म्हणण्याचा मोह होतो. फरक इतकाच, की तंबूत औषध होते आणि रोज्याचे टिपण होते.

मदत करणाऱ्यांस शिक्षण देण्याचा विचारही आपल्याकडे तेव्हाच मूळ धरीत होता. मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले होते. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था. भोर समितीच्या १९४६ च्या शिफारशीनुसार १९५४ साली बंगलोरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. मानसचिकित्सक व मानसशास्त्रज्ञ तयार करण्याचे अभ्यासक्रम तेथे सुरू झाले, आणि १९७४ पासून ती ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाते. आमच्या कोंकणी वाचकांस उडुपीजवळचे कोट हे गाव ठाऊक असेल. तेथे कार्स्टेअर्स व कपूर या दोघा मनोचिकित्सकांनी ब्राह्मण, बंट व मोगेर या तीन समाजांतील लोकांच्या मानसिक दुखण्यांची पाहणी केली. तिचे पुस्तक १९७६ साली निघाले. मंत्रवादी, पात्री, वैद्य व डॉक्टर या सर्वांचा त्यांनी विचार केला. पंडित ज्यास विरोध समजतात तो रोग्यास विरोध वाटतच नाही, हे अशा पाहण्यांतून ध्यानी आले. कौल घेऊन दवाखान्यात जाणारा माणूस गोव्यातही काही दुर्मीळ नाही.

देवळातील मुक्कामाचीच परीक्षा घेणारे एक संशोधन २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. निम्हान्सचे रघुराम व त्यांचे सहकारी यांनी तमिळनाडूतील मुत्तुस्वामीच्या देवळात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांस आरंभी व शेवटी तपासले. तेथे औषध नव्हते, खास विधीही नव्हता. शांत जागा, देवळातील लहानसहान कामे आणि सोबत घरचे माणूस. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात रोगलक्षणांचे मोजमाप सुमारे एकपंचमांशाने उतरले. एकतीस ही संख्या लहान आहे, आणि तुलनेस दुसरा गट नव्हता. तेव्हा यावरून औषधे फेकून द्यावी असा अर्थ काढणारा धूर्त तरी असेल अथवा अज्ञ. फेफऱ्याच्या मुलास आरतीस उभे करून गोळी चुकविणे हे आम्ही पातक समजतो.

आणि देवस्थानाच्या सावलीत सर्वच मंगल असते असे नाही. तमिळनाडूतील एरवाडी या यात्रास्थानी ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी निवासास आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तेथे घरचे माणूस शेजारी नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रोग्यास पैसे भरून दुसऱ्याच्या हवाली केले की क्षेत्राचाही तुरुंग होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरविण्याच्या मिषाने दोराने वा साखळीने बांधणे, मारणे या गोष्टी गुन्हा ठरविल्या आहेत. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांस मात्र स्पष्ट मोकळीक आहे. कर्नाटकानेही २०१७ साली त्याच धर्तीचा कायदा केला. त्याच वर्षीच्या केंद्रीय मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. धर्मशाळांच्या विश्वस्तांनी ९५ वे कलम एकदा स्वतः वाचून पाहावे.

या कायद्याचे आम्हांस विशेष मोल वाटते ते तिसऱ्या कलमामुळे. एखाद्यास मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो बुद्धिभ्रष्ट समजला जाणार नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर केले तरच तो तसा. रोग्याची माहिती गुप्त राखणेही आता त्याचा हक्क आहे. भालकीच्या भावाच्या वाक्यास कायद्याने दिलेले हे उत्तर. ते चाळीस वर्षे आधी यावयास हवे होते.

राहिला प्रश्न माणसांचा. बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरांस व सेवकांस थोडक्या मुदतीचे शिक्षण देऊन मनोरुग्णांची सेवा गावापाशी आणता येते हे निम्हान्सने दाखविले. १९९६ चा देशव्यापी जिल्हा कार्यक्रम त्यावरच बेतलेला आहे. कलबुर्गीहून बंगलोर सहाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून हे शिक्षण इकडे येणे अगत्याचे. पण औरादची म्हातारी आपल्या सुनेचे दुखणे मराठीत सांगते, आळंदची कानडीत, आणि बिदर शहरातील एखादी उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर व निलंगा मुंबई राज्यात गेले, बिदर व भालकी म्हैसूर राज्यात आले; सोयरिकी मात्र जेथल्या तेथे राहिल्या. मन हलके करण्याची भाषा प्रांतरचनेने ठरत नसते. सेवकास औषधाचे नाव शिकविले आणि म्हातारीचे ‘जीव घाबरा होतो’ हे शब्द समजण्यास शिकविले नाही, तर टिपण कोरेच राहील. तोवर १४४१६ या क्रमांकावर फोन करून सल्ला विचारता येतो, हे पुजारी मंडळींनी सेवेकऱ्यांस सांगावे. तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणास नेण्यासाठी सरकारांस याच कायद्याच्या ३१ व्या कलमाने दहा वर्षांची मुदत दिली आहे. ती मे २०२८ मध्ये भरते.