गिरनार

गिरनार : गुजरात राज्यातील हिंदू व जैन यांचे पवित्र पर्वतक्षेत्र. जुनागढ शहराच्या पूर्वेस. प्राचीन नावे रैवतक, उज्जयंत, ऊर्जयत्. दख्खनच्या लाव्हाथरांत खालून घुसलेला शिलारस थिजून हा पर्वत बनला. गोरक्षशिखर (सु. १,११७ मी.) हे गुजरातमधील सर्वोच्च ठिकाण होय.

चढाई भवनाथ तळेटीपासून सुरू होते. पायऱ्या सु. दहा हजार. निम्म्या वाटेच्या अलीकडे जैन मंदिरसमूह लागतो. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे निर्वाण याच पर्वतावर झाले, अशी श्रद्धा असून त्यांचे मंदिर बाराव्या शतकातील आहे. पुढे अंबामाता, मग गोरक्षशिखर, शेवटी दत्तशिखर. गोरक्षशिखरानंतर बरेच उतरून पुन्हा चढावे लागते. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथेच होते. दत्तशिखरावरील पादुका दत्तात्रेयांच्या, तर जैनांच्या मते नेमिनाथांच्या; या वादाने न्यायालयही गाठले आहे. २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला रोपवे अंबामातेपर्यंतच जातो. त्यापुढे पाय किंवा डोली.

महाराष्ट्रातील दत्तभक्तांना गिरनारची विशेष ओढ. ते बहुधा रात्रीच काठी व विजेरी घेऊन निघतात, म्हणजे ऊन लागत नाही आणि पहाटे पादुकांचे दर्शन होते. अंधारात समोरून उतरणारा अनोळखी माणूस ‘जय गिरनारी’ म्हणतो आणि दमलेल्याला चार पायऱ्यांचे बळ देतो. परतताना कमंडलू कुंडाकडे वळायचे. तिथे धुनीचे दर्शन आणि अन्नछत्राचा प्रसाद मिळतो. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत पर्वताला सु. ३६ किमी.ची ‘लीली परिक्रमा’ घालतात. ही वाट अभयारण्यातून जाते आणि या रानात सिंहांचा वावर आहे. महाशिवरात्रीला भवनाथ येथे साधूंचा मोठा मेळा भरतो.

जुनागढहून भवनाथला जाताना वाटेत एक प्रचंड शिळा आहे. यात्रेकरू सहसा तिथे थांबत नाहीत, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख आहेत, त्याच शिळेवर क्षत्रप रुद्रदामन् (इ. स. १५०) आणि स्कंदगुप्त (इ. स. ४५५–४५८) यांचेही लेख आहेत. या दोन्ही लेखांचा विषय एकच, सुदर्शन तलावाचा बांध. चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रीय (प्रांताधिकारी) पुष्यगुप्त याने तो घातला, अशोकाच्या काळी तुषास्फाने त्याला कालवे काढले. पुढे रुद्रदामनाच्या काळी ऊर्जयत् पर्वतावरून आलेल्या पुराने बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल भगदाड पाडले. काम अशक्य म्हणून अमात्यांनी नकार दिला, प्रजा हवालदिल झाली. तेव्हा सुविशाख या पह्लव अधिकाऱ्याने ते तडीस नेले. प्रजेवर कर किंवा वेठबिगार न लादता खर्च आपण स्वतःच्या कोशातून केला, असे रुद्रदामन् नोंदवतो. संस्कृत गद्यातील हा सर्वांत जुन्या विस्तृत लेखांपैकी एक. बांध नंतर पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या काळी चक्रपालिताने दुरुस्त केला.

रात्री चढून सकाळी परतणाऱ्यांनी गाडीची वेळ ठरवताना या शिळेसाठी दिवसाउजेडीचा एक तास राखावा.