पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचा कौटुंबिक पत्रव्यवहार

पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचा कौटुंबिक पत्रव्यवहार म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात परदेशी आघाड्यांवर लढणारे ब्रिटिश भारतीय सेनेतील सैनिक आणि भारतातील त्यांच्या पत्नी व इतर कुटुंबीय यांच्यातील पत्रे होत. फ्रान्समधील सैनिकांच्या पत्रांची तपासणी टपाल सेन्सॉर कार्यालयात होत असे. तेथे तयार झालेल्या इंग्रजी उताऱ्यांमुळे यांपैकी काही पत्रांचा मजकूर आज उपलब्ध आहे. सामान्य भारतीय सैनिकाचे युद्धविषयक विचार त्याच्या स्वतःच्या शब्दांच्या जवळपास नेणारे हे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. मात्र पती-पत्नींमधील पत्रसुद्धा क्वचितच केवळ त्या दोघांपुरते राहत असे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय सेनेची पहिली तुकडी फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरली. युद्धकाळात सुमारे १,३८,००० भारतीय पश्चिम आघाडीवर गेले. पायदळाचा बहुतांश भाग १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलविण्यात आला; घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्येच होते. या काळात रजेवर घरी जाण्याची संधी क्वचितच मिळे. त्यामुळे पत्र हाच घराशी संपर्क ठेवण्याचा प्रमुख मार्ग होता.

सैन्यासोबत भारतीय क्षेत्र टपाल कार्यालये पाठविण्यात आली होती. त्यांच्या वापरासाठी भारतीय तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ ही अक्षरे छापण्यात आली. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील भारतीय सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. पायदळातील शिपायाचे मूळ वेतन दरमहा ११ रुपये होते. घरी पोहोचणाऱ्या पैशांची चौकशी हा पत्रांतील नेहमीचा विषय असे.

लेखन आणि वाचन

सैनिकांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते. पलटणीतील लेखनिक किंवा साक्षर सहकारी त्यांची पत्रे लिहून देत. घरच्या बाजूला हीच अडचण अधिक तीव्र होती. १९११ च्या जनगणनेनुसार भारतात दर हजार स्त्रियांमागे सुमारे दहा स्त्रियाच साक्षर होत्या. त्यामुळे सैनिकाच्या पत्नीला पतीचे पत्र बहुधा दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे आणि उत्तरही दुसऱ्याकडूनच लिहून घ्यावे लागे. एकत्र कुटुंबपद्धतीत घरातील वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावे पत्र पाठविण्याची रीत असल्याने थेट पत्नीला उद्देशून लिहिलेल्या पत्रांचे प्रमाण कमी होते. जे सांगायचे ते चारचौघांत वाचले जाणार, या जाणिवेने मजकुरावर मर्यादा येत.

सेन्सॉर व्यवस्था

भारतीय सैनिकांपर्यंत ब्रिटिशविरोधी साहित्य पोहोचत असल्याच्या संशयावरून १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये भारतीय टपालाची तपासणी सुरू झाली. भारतीय मुलकी सेवेतील अधिकारी एव्हलिन बर्कली हॉवेल यांच्याकडे या कामाची जबाबदारी देण्यात आली. भारतातून येणारी आणि भारतात जाणारी अशी दोन्ही प्रकारची पत्रे तपासली जात. ती प्रामुख्याने उर्दू, गुरुमुखी आणि हिंदीत असत. मराठी, पश्तो आदी भाषांतील पत्रेही असत.

पत्रे अडविणे हा तपासणीचा एकमेव हेतू नव्हता. सैनिकांचे मनोधैर्य जोखण्यासाठी निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर करून त्यांचे नियमित अहवाल वरिष्ठांकडे पाठविले जात. पत्रे तपासली जातात, याची सैनिकांनाही कल्पना होती. म्हणून काहींनी सांकेतिक भाषेचा अवलंब केला. ‘काळी मिरी’ म्हणजे भारतीय सैनिक आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे सैनिक, हा संकेत विशेष प्रसिद्ध आहे. काळी मिरी संपत आली आहे, अशा आशयाचे वाक्य लिहून भारतीयांच्या मोठ्या प्राणहानीची बातमी दिली जाई आणि गावातील इतरांनी भरती होऊ नये, असे सुचविले जाई. असा सूचक मजकूर पूर्णपणे रोखणे अशक्य असल्याचे हॉवेल यांनीही मान्य केले होते.

आशय

क्षेमकुशल, शेती, गुरे, कर्ज, जमिनीचे वाद आणि मुलांचे संगोपन हे विषय पत्रांत सातत्याने आढळतात. युद्धाचे वर्णन करताना महाभारतातील संग्रामाची किंवा जगाच्या अंताची उपमा दिली जाई. जखमी सैनिकांना बरे झाल्यावर पुन्हा आघाडीवर पाठविले जाऊ लागल्यानंतर १९१५ मधील पत्रांत निराशा वाढली. पत्नींच्या उपलब्ध पत्रांत एकटेपणा, घरखर्चाची चिंता आणि पतीने परत यावे, ही विनवणी दिसते.

फ्रान्समधील स्त्रिया शेती व व्यवहार सांभाळतात आणि त्यांना लिहिता-वाचता येते, हे पाहून अनेक सैनिक प्रभावित झाले. आपल्या मुलींना शाळेत घालावे, असा आग्रह काहींनी घरी पाठविलेल्या पत्रांत धरला. युरोपीय स्त्रियांशी आलेल्या संबंधांचे उल्लेख मात्र सेन्सॉर अधिकाऱ्यांना विशेष आक्षेपार्ह वाटत.

महाराष्ट्रातील सैनिक

खडकी येथील तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्समध्ये लढल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल येथील हल्ल्यात त्यांची मोठी हानी झाली. मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तेथील सैन्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क बिनतारी यंत्रणा आणि विमाने यांपुरताच उरला होता. शरणागतीनंतर सुमारे १३,००० जण तुर्कांचे युद्धकैदी झाले. कैदेत अनेकांचा मृत्यू झाला. युद्धावर गेलेल्यांची संख्या नोंदविणाऱ्या स्मृतिशिला सातारा व रत्नागिरी भागांतील गावांत आढळतात.

अभिलेख आणि मर्यादा

सेन्सॉर कार्यालयाचे अहवाल लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस अभिलेखसंग्रहात आहेत. इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे १९९९ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध केली. संतनू दास यांनी २०१८ मधील ग्रंथात या पत्रांचा सांस्कृतिक अंगाने अभ्यास केला.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बहुतेक मूळ पत्रे उपलब्ध नाहीत. उपलब्ध मजकूर सैनिकाने सांगितलेला, लेखनिकाने लिहिलेला, सेन्सॉरने निवडलेला आणि भाषांतरकाराने इंग्रजीत आणलेला आहे. पंजाबमधून झालेल्या मोठ्या भरतीमुळे तेथील सैनिकांची पत्रे अधिक, तर इतर प्रदेशांतील कमी आहेत. स्त्रियांची पत्रे त्याहूनही थोडी आहेत. त्यामुळे पतीच्या पत्राला पत्नीने काय उत्तर दिले, हे बहुतेक वेळा कळू शकत नाही.

साहित्यातील चित्रण

फ्रान्समधील भारतीय सैनिकांच्या पार्श्वभूमीवर चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा लिहिली. ती १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुभेदाराच्या पत्नीने केलेली विनंती आणि एका सैनिकाने ती रणांगणावर पाळणे, हे तिचे सूत्र आहे. मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही इंग्रजी कादंबरीही फ्रान्समधील भारतीय शिपायांच्या अनुभवांवर आधारलेली आहे.