किरेनिया परिसरातील किल्ले

सायप्रस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील किरेनिया (ग्रीक केरीनिया, तुर्की गिर्ने) हे एक लहान बंदर. बंदराच्या तोंडाशी असलेला सागरी किल्ला आणि पाठीमागच्या डोंगररांगेवरील सेंट हिलॅरियन, बुफाव्हेंतो व कांतारा हे तीन गिरिदुर्ग मिळून मध्ययुगात संरक्षणाची एक साखळी तयार झाली होती. चारही किल्ल्यांचा मूळ आराखडा बायझंटिन साम्राज्याच्या काळातला. त्यांना आजचे रूप आले ते मुख्यतः फ्रेंच ल्युझिन्याँ राजघराण्याच्या (1192–1489) आणि नंतर व्हेनिसच्या (1489–1571) राजवटीत. 1974 पासून हा प्रदेश तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे. 1983 मध्ये येथे जाहीर झालेल्या ‘उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताका’ला तुर्कस्तानखेरीज कोणत्याही देशाची मान्यता नाही. त्यामुळे किल्ले पाहायला जाणे म्हणजे एक राजकीय सीमा ओलांडणेही असते.

किल्ले असे का वसले हे भूगोलावरून कळते. किरेनियाची डोंगररांग चुनखडकाची असून सुमारे 160 कि.मी. लांब, पण रुंदीला अगदी कमी आहे. तिचे सर्वोच्च शिखर 1,024 मी. उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्याला ही उंची फारशी वाटणार नाही. मात्र समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये जेमतेम काही किलोमीटरांची पट्टी असल्याने कडे एकदम अंगावर येतात. डोंगराच्या दक्षिणेला मेसाओरियाचे मैदान आणि त्यात राजधानी निकोसिया. किनाऱ्यावरून राजधानीकडे जायचे तर मोजक्या खिंडीच आहेत. सातव्या शतकाच्या मध्यापासून अरब आरमाराच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि 688 नंतर जवळजवळ तीन शतके बेटाचा महसूल बायझंटिन सम्राट आणि खलिफा यांच्यात वाटला जात होता. 965 मध्ये सम्राट निकेफोरस फोकास याने बेट पूर्णपणे परत घेतले. त्यानंतरच्या काळात डोंगरमाथ्यावर पहाऱ्याची ठाणी उभी राहिली. रात्री एका माथ्यावर जाळ केला की दुसऱ्यावरून दिसे आणि समुद्रावरील गलबतांची खबर निकोसियात पोहोचे.

1191 मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धावर निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला वाटेत सायप्रसला उतरला आणि स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या आयझॅक कोम्नेनॉसकडून त्याने बेट हिसकावले. आयझॅकची मुलगी किरेनियाच्या किल्ल्यात सापडली, तेव्हा त्याचा धीर सुटला. आपल्याला लोखंडी बेड्या घालू नयेत अशी अट त्याने घातली आणि रिचर्डने त्याच्यासाठी चांदीच्या साखळ्या घडवल्या, असे इतिवृत्तकार सांगतात. रिचर्डने बेट आधी टेंपलर सरदारांना विकले. त्यांना ते सांभाळता आले नाही, म्हणून 1192 मध्ये ते जेरूसलेमचा पदच्युत राजा गी द ल्युझिन्याँ याच्याकडे गेले. पुढची तीन शतके त्याच्याच घराण्याची.

किरेनियाचा किल्ला : हा बंदराच्या पूर्व टोकाला आहे. बायझंटिन कोटाभोवती इबेलिन या सरदार घराण्याच्या जॉनने तेराव्या शतकाच्या आरंभी नवी तटबंदी घातली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हेनेशियनांनी तोफांच्या दृष्टीने त्याची पुनर्बांधणी केली. तटाची जाडी डोळ्यांत भरते. वायव्य आणि आग्नेय बुरूज गोल आहेत, तर नैऋत्येचा कोनाकृती. तोफगोळे चुकवायचे तर भिंतीला कोन द्यावेत हे इटालियन स्थपतींना उमगत गेले, त्याचा प्रवास एकाच किल्ल्यात पाहायला मिळतो. वायव्य बुरुजाच्या पोटातून गेले की एक लहान बायझंटिन चर्च लागते. ते मुळात तटाबाहेर होते; व्हेनेशियनांनी तट पुढे सरकवला तेव्हा ते आत आले.

या किल्ल्याला वेढे पडले ते बहुधा भाऊबंदकीतून. पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा आणि इबेलिन घराणे यांच्यातील यादवीत 1232–33 मध्ये सम्राटाच्या लाँबार्ड शिबंदीने येथे तग धरला. त्या वेढ्यात सायप्रसचा राजा हेन्री पहिला याची पत्नी मॉन्टफेराची ॲलिस किल्ल्यात वारली. ती सम्राटाच्या पक्षाकडे होती, तरी तिचा देह निकोसियात पुरण्यासाठी दोन्ही बाजूंनी लढाई थांबवली. 1460 मध्ये राणी शार्लट आपल्या सावत्र भावापुढे, म्हणजे जेम्स दुसरा याच्यापुढे, माघार घेऊन याच तटाआड आली आणि किल्ला पुढे काही वर्षे वेढ्यात राहिला. उपासमारीखेरीज तो कोणी सहजी घेतला नाही. आणि ज्या व्हेनेशियनांनी त्यावर एवढा खर्च केला, त्यांनी 1570 मध्ये निकोसिया पडताच तो न लढता ऑटोमनांना देऊन टाकला. ज्याने ही शरणागती स्वीकारली त्या सादिक पाशाची कबर प्रवेशमार्गातच आहे. पुढे ब्रिटिश राजवटीत किल्ल्याचा तुरुंग झाला. 1955 मध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या इओका या संघटनेचे सोळा कैदी चादरींचे दोर करून तटावरून उतरून पळाले.

किल्ल्यातल्या जहाज-संग्रहालयासाठी मात्र वेगळा वेळ ठेवावा. आंद्रेआस कारिओलू या स्थानिक पाणबुड्याला 1965 मध्ये समुद्रतळाशी मातीच्या उभट रांजणांचा ढीग दिसला. मायकेल कॅट्झेव्ह यांच्या पथकाने 1967 ते 1969 मध्ये उत्खनन केले, तेव्हा इ.स.पू. चौथ्या–तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे ग्रीक व्यापारी गलबत हाती लागले. लांबी सुमारे 14 मी., लाकूड पाइनचे, तळाला शिशाचा पत्रा. आत मद्याचे सुमारे चारशे रांजण, त्यांतले बहुतेक ऱ्होड्स बेटाचे. शिवाय जात्याचे दगड आणि हजारो बदाम. चार पेले आणि चार चमचे मिळाल्याने खलाशी चौघे असावेत, असा अंदाज केला जातो. तेवीस शतके पाण्याखाली राहिलेले हे लाकूड मंद उजेडात काचेमागे ठेवलेले आहे. किल्ला थोडा घाईने पाहिला तरी चालेल, हे गलबत नाही.

सेंट हिलॅरियन : किरेनियाच्या नैऋत्येला 732 मी. उंचीवर. येथे राहिलेल्या एका विरक्त साधूवरून नाव पडले; त्याच्या समाधिस्थानी आधी मठ आणि मग किल्ला झाला. रचना तीन टप्प्यांची. खाली सैनिक व घोडे यांच्यासाठी विस्तीर्ण माची आणि तिला अर्धवर्तुळाकार बुरुजांचा तट. मध्ये चर्च, राजवाड्याची दालने आणि मोठे टाके. आणि जुळ्या शिखरांच्या बेचक्यात बालेकिल्ला. बालेकिल्ल्यात राणीची खिडकी म्हणून दाखवली जाणारी गॉथिक नक्षीची दगडी खिडकी अजून शाबूत आहे. उन्हाळ्यात निकोसियातील उकाडा टाळायला राजकुटुंब येथे येई. वॉल्ट डिस्नेच्या हिमगौरीचा राजवाडा या किल्ल्यावरून रेखाटला, असे इथे हमखास ऐकायला मिळते. पुरावा कोणी देत नाही.

प्रिन्स जॉनचा मनोरा कड्याच्या टोकाला एकटा उभा आहे. राजा पीटर पहिला याचा 1369 मध्ये खून झाला, त्यात त्याचा भाऊ जॉन गुंतल्याचा संशय विधवा राणी अरागॉनची एलेनॉर हिच्या मनातून कधी गेला नाही. जॉनचे बल्गेरियन रक्षक त्याच्यावर उलटणार आहेत असे तिने त्याच्या कानी घातले, आणि जॉनने एकेकाला वर बोलावून कड्यावरून ढकलून दिले, असे पंधराव्या शतकातील बखरकार लिओंतिओस माखायरास याच्या परंपरेतून आलेली कथा सांगते. इमानी माणसे संपल्यावर जॉनला निकोसियात बोलावून मारण्यात आले.

व्हेनेशियनांनी तीनही गिरिदुर्ग मोडून टाकले. शिबंदीचा खर्च परवडत नव्हता आणि तोफांच्या काळात एवढ्या उंच ठाण्याचा उपयोग कमी होता. त्यांचा हिशेब साडेचारशे वर्षांनी खोटा ठरला. ग्रीक व तुर्की सायप्रियट जमातींत दंगली उसळल्यावर 1964 मध्ये तुर्की सायप्रियट लढवय्यांनी सेंट हिलॅरियनचा ताबा घेतला आणि निकोसिया–किरेनिया रस्त्याची खिंड रोखून धरली. वर्षअखेरीपासून ग्रीक सायप्रियटांना त्या रस्त्याने फक्त संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यात, ठरलेल्या वेळी जाता येई. त्या शांतिसेनेचे सरसेनापती तेव्हा भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल के. एस. थिमय्या होते. डिसेंबर 1965 मध्ये सायप्रसमध्येच त्यांचा मृत्यू झाला. जुलै 1974 मध्ये तुर्की फौजा किरेनियाच्या पश्चिमेला उतरल्या, तेव्हाही शांतिसेनेची सूत्रे भारतीय सेनानी प्रेमचंद यांच्याकडे होती. आजही किल्ल्याचा रस्ता लष्करी हद्दीतून जातो. त्या टप्प्यात थांबण्यास व छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी.

बुफाव्हेंतो : साखळीतला सर्वांत उंच, सुमारे 950 मी. वाऱ्याच्या माऱ्यामुळे ते नाव. बांधकाम थोडे आणि ओबडधोबड. दरबारी थाट इथे कधी नव्हता. ल्युझिन्याँ काळात याचा वापर मुख्यतः तुरुंगासारखा झाला. राजा पीटर पहिला परदेशी असताना राणी एलेनॉरचे वर्तन कसे होते हे पत्राने कळवणारा सरदार जॉन व्हिस्कॉन्टी खोटा ठरवला गेला आणि येथे उपाशी ठेवून मारला गेला, असे बखर म्हणते. दुसऱ्या एका खिंडीपासून अरुंद रस्ता पायथ्यापर्यंत जातो, पुढे साधारण अर्ध्यापाऊण तासाची चढण. सावली नाही, पाणी नाही. बरेचसे प्रवासी हा किल्ला वगळतात, हे चुकीचे आहे. दालने पाहायची तर सेंट हिलॅरियन ठीक. पण साखळी समजून घ्यायची तर माथा हाच. एका अंगाला किरेनिया आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला निकोसिया, आणि स्वच्छ हवेत पलीकडे त्रोओदोसचे डोंगर. इथे दोन इमारतींचे अवशेष नसते तरी किल्ला याच जागी का हवा होता ते कळले असते.

कांतारा : रांगेच्या पूर्व टोकाला, सुमारे 630 मी. उंचीवर; येथून कार्पास द्वीपकल्प सुरू होते. किरेनियाहून मोटारीने दीड तासाच्या आसपास लागतो. फामागुस्ताचे आखात आणि उत्तरेचा समुद्र दोन्हींवर येथून नजर राहते. तीन बाजूंना कडे असल्याने सारा जोर पूर्वेच्या दरवाजावर आहे. दुहेरी तट, जोडबुरूज आणि बाण मारण्याच्या लांबट झरोक्यांच्या रांगा इथे चांगल्या टिकल्या आहेत. 1373 मध्ये जिनोआच्या लोकांनी फामागुस्ता घेतले, तेव्हा कैदेतला तोच प्रिन्स जॉन स्वयंपाक्याच्या वेशात निसटून इथे पोहोचला होता. डोंगरावरच्या या पडक्या वाड्यांना ग्रीक सायप्रियट खेडूत ‘राणीची घरे’ म्हणत. शंभर खोल्या सगळ्यांना दिसतात, एकशे एकावीत खजिना आहे आणि तिचे दार सापडत नाही, ही दंतकथा त्या राणीचीच.

भेटीविषयी : एप्रिल 2003 पासून निकोसियातील नाक्यांवरून दोन्ही भागांत ये-जा करता येते. थेट उत्तरेतील विमानतळावर किंवा किरेनिया बंदरात उतरणे सायप्रस प्रजासत्ताक बेकायदा मानते. दक्षिणेत भाड्याने घेतलेल्या मोटारीचा विमा उत्तरेत लागू होत नाही. नाक्यावर वेगळा विमा घ्यावा लागतो. ब्रिटिश वारशामुळे वाहने डावीकडून चालतात, हा भारतीयांना सोयीचा भाग. उत्तरेत चलन तुर्की लिरा आहे, बहुतेक ठिकाणी युरोही चालतो. मार्च ते मे हा काळ उत्तम, तेव्हा उतार फुलांनी भरलेले असतात. जुलै–ऑगस्टमध्ये चढण सकाळी लवकर उरकावी. गिरिदुर्गांवरची टाकी आता कोरडी किंवा पिण्यायोग्य नसलेली आहेत, म्हणून पाणी बरोबर न्यावे. कठडे सगळीकडे नाहीत. एका दिवसात चारही किल्ले उरकण्याचा बेत करू नये. किरेनिया आणि सेंट हिलॅरियन यांना एक दिवस, बुफाव्हेंतो व कांतारा यांना दुसरा द्यावा.