मक्याला विसावा

दोन फेब्रुवारीला मेक्सिको सिटीत कोणाच्याही घरी जा, पानात तमाल, म्हणजे कणसाच्या पातीत उकडलेले मक्याच्या पिठाचे मुटके, पडतात. सहा जानेवारीला तीन राजांच्या सणाचा गोल गोड पाव कापतात, त्यात बाळ येशूची इवलीशी बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमाल खाऊ घालायचे. सण चर्चचा, पण पदार्थ चर्चहून जुना. ग्वातेमालात सान बार्तोलोला इ.स.पू. 100 च्या सुमाराची माया भित्तिचित्रं 2001 साली सापडली. त्यात मक्याच्या देवाच्या प्रसंगात तमालांची टोपली धरलेली बाई आहे.

मी राहते त्या घराच्या मालकीणबाई कांदेलारियासाठी आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच ठेवतात. सकाळी दाणे पिवळेधमक आणि बुळबुळीत झालेले असतात, तळव्यात चोळले की साल सुटते. तीन-चार पाण्यांनी धुवून ते दळायचे. मग डुकराची चरबी हलकी होईपर्यंत फेसून त्यात हे पीठ मिसळायचं आणि पुन्हा फेसायचं. पिठाची गोळी पेलाभर पाण्यात सोडतात. बुडाली की बाई म्हणतात, "अजून फेस, मिहा," म्हणजे "पोरी." तरंगली, तरच पीठ भिजवलेल्या कणसाच्या पातीवर पसरायचं, मधे हिरव्या तिखट रश्श्यातलं मांस ठेवायचं, पाती दुमडायची आणि उकडायला लावायचं.

यातली चरबी स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात आली. चुना त्याच्या कितीतरी आधीचा, आणि माझ्या मते तमालाचा खरा इतिहास चुन्यातच आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता मका खाऊन ते अंगी लागत नाही. चुन्यात शिजवलं की ते सुटं होतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. मग स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्राने गाठलं. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही हेच झालं. नायसिनचा उलगडा 1937 साली झाला. ज्या बायकांनी हजारो वर्षं हे दाणे चोळले, त्यांचं नाव कुठल्याच शोधावर नाही, याचा मला राग येतो.

बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन पाद्र्याने सोळाव्या शतकात आस्तेकांकडून माहिती घेऊन मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाजारातल्या तमालांची लांबलचक यादी आहे. टर्कीचे, मासळीचे, बेडकाचे, सशाचे, मधाचे तमाल तिच्यात सापडतात. शिळे, आंबलेले तमाल गळ्यात मारणारा लबाड विक्रेताही त्यात आहे!

पण मला त्यातला एक उपास सगळ्यांत मोलाचा वाटतो. दर आठ वर्षांनी काही दिवस फक्त पाण्यातले तमाल खायचे. मिरची नाही, मीठ नाही, चुनासुद्धा नाही. कारण आस्तेकांनीच सांगितलंय: आपण मक्याला फार छळतो, तिखट-मीठ लावतो, चुन्यात घालतो, तो थकतो. त्याला विसावा दिला की तो पुन्हा तरुण होतो. ज्या चुन्याने माणसं जगवली, तोही मक्याला दिलेला त्रासच, याची जाणीव त्यांना होती. आपल्या अन्नाचे इतके उपकार मानणारी माणसं मला इतिहासात फार भेटलेली नाहीत.

तो उपास आज उरलेला नाही. मात्र मक्याबद्दलची ओढ टिकून आहे. 2007 पासून 'मका नाही तर देश नाही' ही घोषणा मेक्सिकोत गाजतेय, आणि मार्च 2025 मध्ये जनुकीय बदल केलेल्या मक्याची लागवड राज्यघटनेतच दुरुस्ती करून बंद केली गेली. मालकीणबाईंचं यावर भाषण वगैरे नसतं. दुकानातल्या तयार पिठाचे तमाल त्या एरवी खुशाल खातात. कांदेलारियाला मात्र खात नाहीत.